नोंद घेतली, सांगितलं नाही

भाऊ, काल तुझं पुण्यानुमोदन झालं. भाषणं फार लांबली. तू असतास तर तिसऱ्या वक्त्यालाच मागच्या दारानं चहाला सटकला असतास. दीपनगरच्या कॉलनीतले बाबांच्या बरोबरीचे सगळे आले होते, आपलं जळगावचं अख्खं ऑफिस आलं होतं. आणि जो उठेल तो एकच सांगत होता की मिलिंद किती शांत माणूस, स्वतःचा त्रास कधी कुणाला कळू दिला नाही. लोक माना डोलवत होते. आई पदरानं डोळे पुसत होती. मी मागच्या खुर्चीत दात-ओठ खात बसले होते. मला वाटत होतं, जावं आणि माईक हिसकावून घ्यावा. अहो, कौतुक कसलं करताय, त्याच गुणानं गेला ना तो! वहिनीनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. मी उठणार हे तिनं ओळखलं होतं.

तिथे गप्प बसले. आता नाही बसणार. आता तू आहेस आणि मी आहे, आणि आपलं भांडण अर्धवट राहिलंय.

कॉलनीतल्या एका काकांनी मला विचारलं, "मिलिंद नेमकं करत काय होता गं? कम्प्युटरमध्येच होता ना?" मी म्हटलं हो. मग वाटलं, एवढ्यावर कसं सोडायचं? मी त्यांना बसवून सांगितलं. सांगितलं की आमची कंपनी लहान आहे, शेतातल्या पंपाजवळ बसवायचे डबे बनवते. डबा पाण्याचा दाब मोजतो, पंप चालू-बंद करतो, आणि मोबाईलच्या जाळ्यातून सगळी माहिती जळगावला पाठवतो. शेतकऱ्याला फोनवर जे दिसतं ते वरचं काम माझं. त्या डब्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो भाऊचा. आणि त्या गाभ्यातही त्याचा जीव अडकला होता एकाच गोष्टीत. पाठवलेलं पॅकेट, म्हणजे माहितीचं पुडकं, पुढे जाऊ शकलं नाही की वाटेतलं एखादं यंत्र उलट एरर पाठवतं, 'पुढे रस्ता नाही'. ती एरर आधी कर्नलच्या हातात पडते. तिचं करायचं काय, हे भाऊ ठरवायचा. काका म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, "हो, एवढंच. त्यावर आम्ही बहीणभाऊ कितीतरी वर्षं भांडलो."

खरंच भांडलो की रे. तुझं म्हणणं असं, की एरर आली तर कर्नलनं तिची नोंद घ्यावी आणि गप्प राहावं. वरच्या प्रोग्रामला काही सांगू नये. पॅकेट पुन्हा पाठवावं, पुन्हा पाठवावं. गेलं तर ती नोंद विसरून जावी. सगळे प्रयत्न संपले, हात टेकले, तरच वर सांगावं की बाबा, जमलं नाही आणि कारण हे. मी म्हणायची, एरर आली त्या क्षणी मला सांग. कनेक्शन तोडू नकोस, प्रयत्न चालू ठेव, पण सांग तरी!

"हे सांगतंय कोण?" तू म्हणायचास. "वाटेतला कुणीतरी. जिथे जायचंय त्यानं नाही म्हटलंय का? नाही ना? मग मधल्याचं ऐकून कशाला घाबरायचं?"

तुझंही काही अगदीच चूक नव्हतं, ते मी तुझ्या तोंडावर कबूल केलं नसतं. एरंडोलच्या बाजूला आपण पहिले डबे लावले तेव्हा तू माझ्या हट्टापुढे मान तुकवून प्रत्येक एरर वर पाठवायची सोय करून दिली होतीस. टॉवर जरा डळमळला की एरर यायची, माझा प्रोग्राम बिथरायचा आणि सगळं पहिल्यापासून सुरू करायचा. दुपारभर पंप बंद-चालू, बंद-चालू. शेताचा मालक डोक्याला हात लावून बसला होता. परत येताना तू गाडीवर शिट्टी वाजवत होतास, आणि मला मागून तुझ्या पाठीत बुक्की घालावीशी वाटत होती. सोय तू दुसऱ्या दिवशी काढून टाकलीस.

पण नरडाण्याचं काय? नरडाणा विसरू नकोस. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यानं आपले डबे घेतले होते. डबे जागे होते, 'मी आहे, मी आहे' म्हणत होते, पण दिवसभराच्या पाण्याचा मोठा अहवाल काही जळगावला पोचत नव्हता. एरर तर एकही नाही. सगळं कसं छान, शांत. आपण दोघं उन्हातान्हात तिथे गेलो. तू जमिनीवर मांडी घालून बसलास, मांडीवर लॅपटॉप, आणि लहान पॅकेट, मग मोठं, मग त्याहून मोठं असं पाठवत राहिलास. लहान जात होती. मोठी मात्र वाटेत कुठे गडप होत होती कुणास ठाऊक. शेवटी तू हसायला लागलास. तिथल्या कुणीतरी सुरक्षितता म्हणून राउटरवर सगळ्या एररच बंद करून ठेवल्या होत्या. वाटेतलं यंत्र बिचारं ओरडून सांगत होतं की पॅकेट मोठं आहे, मावत नाही, लहान करून पाठवा. ते ओरडणंच कुणी आत येऊ देत नव्हतं. म्हणून आपला डबा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसला होता.

बाहेर आल्यावर ढाब्यावर शेवभाजी खाताना मी तुला सोडलं नाही. "बघ," मी म्हटलं, "एरर दाबून ठेवली की असं होतं. वरून सगळं शांत, आतून सगळं अडलेलं." तू भाकरी मोडत म्हणालास, "बरं बाई, हा डाव तुझा." इतक्या सहज म्हणालास, की मला जिंकल्याचा आनंदसुद्धा धड घेता आला नाही.

आज तेच आठवत राहतं. कारण वहिनीनं मला नंतर सांगितलं. बरेच दिवस तुझा डावा हात भरून येत होता. जिना चढलास की छातीत दाटायचं. तू ओवा चावायचास आणि गॅस झालाय म्हणायचास. वहिनी म्हणाली, दवाखान्यात चला, तर म्हणालास, "थांब गं, पुन्हा झालं तर बघू." पुन्हा झालं. पुन्हा तेच म्हणालास. आणि तिला बजावून ठेवलंस, "वैशूला सांगू नको. ती भोंगा वाजवेल."

भोंगा. दीपनगरला पॉवर स्टेशनचा भोंगा व्हायचा आणि मी पाळण्यात त्याच्यावर ताण करून रडायचे, म्हणून तू मला ते नाव ठेवलंस. बाबांनी वैशाली ठेवलं, तू भोंगा. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडली की आई माझ्यावर ओरडायची, मी तुझ्यावर, आणि तू मुकाट्यानं कपडे पुन्हा धुवायला घ्यायचास. आपल्या घरात आवाज मी केला आणि काम तू केलंस. शाळेत, कॉलेजात, ऑफिसात, सगळीकडे तेच. बाहेरच्या कुणासमोर तू ते नाव कधी घेतलं नाहीस, तेवढी माझी इज्जत राखलीस. ऑफिसात मी वैशाली मॅडमच होते.

आता ते सांगते जे मी अजून वहिनीलाही सांगितलेलं नाही.

तू धुळ्याला गेलास त्या दुपारी मी ऑफिसात डबा खाऊन नुकती बसले होते. अनोळखी नंबर. एक माणूस घाईघाईनं बोलायला लागला, "ताई, तुमना भाऊ आठे बसस्टँडजवळ पडी ग्यात. मी रिक्षावाला शे. तेस्ना पाकिटमा बहीनना म्हणीसन तुमना नंबर सापडना. दवाखानामा लई जाई राहिनूत."

आणि माझं डोकं कुठे गेलं सांगू? तुझ्या शिकवणीकडे गेलं. हल्ली असे फोन रोज येतात. तुमचा मुलगा पकडला गेला, तुमच्या भावाला अपघात झाला, पैसे पाठवा. तूच मला शिकवलं होतंस ना, की कर्नलनं आलेली प्रत्येक एरर खरी मानायची नसते. कुणीही लबाड उठेल आणि खोटी एरर पाठवून चांगली चाललेली कनेक्शनं तोडेल. म्हणून खऱ्या एररसोबत आपणच पाठवलेल्या पॅकेटचा सुरुवातीचा तुकडा परत येतो. तो आधी उघडून बघायचा. हा आपलाच का? हा नंबर आपणच घातला होता का? जुळलं तर ऐकायचं, नाही तर कचऱ्यात. तू हे फळ्यावर काढून दाखवलं होतंस आणि म्हणाला होतास, "जे आपल्या दोघांनाच माहीत, ते त्याच्याकडून यायला हवं."

मी त्या भल्या माणसाची उलटतपासणी सुरू केली, भाऊ. नाव काय म्हणालात? शर्ट कुठल्या रंगाचा? तो सांगत होता आणि मी म्हणत होते, हे तर कुणीही बघून सांगेल. तो काकुळतीला आला, "ताई, मी खोटं कसाले बोलू?" मी म्हटलं, "त्यांना विचारा, मला काय म्हणतात. विचारा ना!"

मागे रिक्षाचा आवाज. मग तो म्हणाला, "ताई, ते भोंगा सांगी राहिनात. भोंगा शे का तुमनं नाव?"

मी हो म्हणाले की नाही आठवत नाही. ऑफिसातल्या दोघांना घेऊन मी ऑफिसची गाडी काढून निघाले. पारोळ्याच्या पुढे दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला, तू गेल्याचा. त्यांना मी काही विचारलं नाही.

धुळ्यात तो रिक्षावाला थांबला होता. माझ्याहून लहान असेल. मी विचारलं, आणखी काही बोलला का रे? तो मान खाली घालून म्हणाला, "नही ताई. तेच सांगं, मग काही नही."

त्याला काय माहीत, भाऊ, की मी काय केलं. तुझ्यात एक शब्द बोलण्याइतकी ताकद उरली होती आणि तो मी तुझी ओळख पटवण्यात खर्च करायला लावला. वहिनीचं नाव घेतलं असतंस तू. आईला काही सांगितलं असतंस. निदान पाणी मागितलं असतंस. रात्रंदिवस तेच डोक्यात घोळतं. डॉक्टर म्हणाले, उशीर आधीच झाला होता, फोनच्या त्या वेळानं काही फरक पडला नसता. मला ते पटतंय. पण मी वेळेसाठी रडत नाहीये, त्या शब्दासाठी रडते आहे. आणि तू शहाण्यासारखं विचारलं तेवढंच उत्तर दिलंस. एकदा तरी माझ्यावर खेकसायचं होतंस, की मरतोय मी आणि तू कसली परीक्षा घेतेस!

तू जायच्या आदल्या दिवशी आपण ऑफिसच्या जिन्यावर चहा घेत बसलो होतो. पुन्हा तोच विषय. उन्हाळ्याच्या आत नवी आवृत्ती द्यायची होती आणि मी म्हटलं होतं, या वेळी एरर वर यायलाच हवी, माझा प्रोग्राम आता बिथरत नाही, नीट बांधलाय. तू मान हलवलीस. "प्रोग्रामचं नाही गं म्हणत मी," तू म्हणालास, "पुढे फोन हातात धरलेला माणूस आहे ना. कळलं की माणूस काहीतरी करतोच. पंप बंद करेल, वायरी उपटेल, चार जणांना फोन करेल. कळूनही गप्प बसणं कुणाला जमतं?"

मी म्हटलं, "मला जमेल."

तू एवढा हसलास, की चहा हिंदकळला. "तुला?" म्हणालास. "बरं, धुळ्याहून आलो की बोलू."

नाही आलास. आता बोल कुणाशी?

तुझ्या जागी कुणी नाही, त्यामुळे ठरवायचं माझ्यावर आलं. परवा तुषार माझ्या टेबलाशी आला. चांगला आहे पोरगा, तुझा भक्त. म्हणाला, "मॅडम, सरांची पद्धत तशीच ठेवू या ना? सरांची आठवण म्हणून." मी त्याच्या अंगावर धावून गेले. म्हटलं, "तो काय पुतळा आहे का, हार घालून ठेवायला? कोड आहे तो. बरोबर असेल तर राहील, नसेल तर जाईल." बिचारा पांढराफटक पडला. मग मी टॉयलेटमध्ये जाऊन नळ सोडून रडले, कारण मलाही ठेवायचीच होती रे. तुझ्या त्या ओळी पुसायला माझा हात उठत नव्हता. तू असताना मी त्या हजारदा पुसल्या असत्या, कारण तू दुसऱ्या दिवशी येऊन परत घातल्या असत्यास. आता मी पुसल्या तर पुसल्या. मेलेल्या भावाशी भांडून जिंकायचं, यात कसला आलाय पुरुषार्थ? आणि नाही पुसल्या, तर तुझं ते गिळून बसणं गावोगावच्या पंपांवर मीच माझ्या हातानं चालू ठेवायचं. ज्यानं तुला खाल्लं तेच. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "मला त्यातलं काही कळत नाही, वैशू. पण त्यांनी मला सांगितलं होतं, आणि मी तुला सांगितलं नाही. मी रोज त्याच्यातच मरते आहे." मी तिला जवळ घेतलं. तिच्यावर मला राग नाही, हे तिला नीट सांगायचं होतं, तेही रडण्यात राहून गेलं.

मी पुसल्या, भाऊ. आज सकाळी, आईला चहा देऊन, ऑफिसला गेले आणि तुझ्या खुर्चीत बसून पुसल्या. एरर आली की नोंद घ्यायची, प्रयत्न चालू ठेवायचा, हे तुझं सगळं तसंच ठेवलं, त्याला बोट लावलं नाही. फक्त गप्प राहायच्या ओळी काढून, त्याच क्षणी वरही सांगायचं, एवढं माझं घातलं. तुषार मागे उभा होता.

अमळनेरकडे एका आबांची पपईची बाग आहे, त्यांच्या एका डब्यावर आधी घालून पाहिलं. दुपारी आबांचा फोन. "ताई, हाई काय सांगी राहिनं मोबाईलवर? रस्तामा अडचण शे म्हणे. बठ्ठं बंद करी टाकू का?"

माझा जीव टांगणीला लागला. तू म्हणाला होतास ना, कळलं की माणूस काहीतरी करतोच. मी म्हटलं, "आबा, काही बंद करू नका. वाटेतल्या टॉवरची अडचण आहे. डबा प्रयत्न करतोय. फक्त तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलंय. जरा थांबाल का?"

आबा म्हणाले, "बरं. सांगं ते बरं करं. मी बांधवर बसस."

आणि बसले, भाऊ! पंपाला हात लावला नाही, कुणाला फोन केला नाही. मी इथे खुर्चीत, ते तिथे बांधावर, दोघंही वाट बघत. मग त्यांचाच फोन आला, "लागी गयं, ताई." रस्ता मोकळा झाला होता.

मी फोन ठेवला आणि उठून तुला सांगायला वळले. खरंच वळले. तुषारनं बघितलं आणि तोंड फिरवलं. मला तुझ्यापुढे नाचायचं होतं, की बघ, कळूनही गप्प बसणं माणसाला जमतं, हा डाव माझा. कुणापुढे नाचू?

आणि मग त्या रिकाम्या खुर्चीशी उभी राहून मला कळलं, की नाही, हा डाव पूर्ण माझा नाही. तुझं माझ्याबद्दलचं हसणं खरं होतं. आबांना सांगितलं आणि आबा थांबले. मला सांगितलं असतंस ना, तर मी क्षणभरही थांबले नसते. ऑफिस डोक्यावर घेतलं असतं, तुझी कॉलर धरून तुला जिन्यावरून खाली आणलं असतं, तू नको नको म्हणत असताना गाडीत कोंबलं असतं, डॉक्टरच्या दारात बसून अख्खा दवाखाना उठवला असता. तू चिडला असतास. महिनाभर माझ्याशी बोलला नसतास. आणि मग बोलला असतास.

मी गप्प बसले नसते, भाऊ. म्हणूनच मला सांगायला हवं होतंस.